सातव्या रक्षकाचे बुडालेले भाग

१८ नोव्हेंबर

पुन्हा! कार्टूनमधला ‘सातवा रक्षक’ ऐन पुलावर पोचला आणि टीव्हीचा पडदा काळा. बाबूभाईची केबल गेली. या महिन्यात दुसऱ्यांदा. सात वाजता दार लोटून, मोबाइल बंद करून बसतो तो याच्यासाठी? बायको, रंजीता, बाहेर जाताना दारातून काही बोलत होती. पुलाचा प्रसंग चालू होता. मी हात केला – थांब म्हणून. ती गेली.

२० नोव्हेंबर

वॉर्डाच्या ग्रुपवर तुलना टाकली. ‘पोलादी पंख’ दाखवणारी वाहिनी मालिकेला मान देते – भाग क्रमानं, शेवटी चित्रं काढणाऱ्यांची नावं पूर्ण. ‘सातवा रक्षक’वाली नावं कापते, मारामारीत साबण विकते, मधेच नायकाचा आवाज बदलते. एका भागात तर खलनायकाचा डाव्या गालावरचा व्रण उजव्या गालावर गेला. चित्र उलटं फिरवलं होतं! कोणाला कळणार, असं वाटलं असेल. मी सातवी शिकलेला, मोटार वाइंडिंग बघून बघून शिकलो. मला कळतं.

शेवटी लिहिलं – वाहिनी थोडं कापते, आपला केबलवाला अख्खा भाग कापतो. त्यापेक्षा डिश लावा.

चहावाल्या पवनचं उत्तर : “सुनिलभाऊ, चॅनलवाल्याईनं तुमाले नोकरीवर ठेवाले पाह्यजे.”

२३ नोव्हेंबर

पवनच्या टपरीवर बाबूभाई आला. खांद्यावर शिडी, धाप लागलेली. समोरच्या घरातला इसरूही बसला होता. सगळ्यांदेखत विचारलं, “वाहिनी जाहिरातीसाठी कापते. तू काऊन कापतं?” वयानं मोठा आहे तो. रागात ‘तू’ निघालं.

त्यानं आधी इसरूकडं पाहिलं. मग मला म्हणाला, “तुमाले माहीत नाई का, भाऊ?”

“माहीत असतं तर विचारलं असतं?”

“बरं. पुढच्या बारीले तुमाले सांगून बंद करीन.”

कोणी हसलं नाही. वाटलं, मुद्दा पटला. इसरू अर्धा चहा ठेवून उठला.

२४ नोव्हेंबर

दोन घरांनी डिश लावली. माझं वाचून. बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर

टपरीवरचं रंजीताच्या कानावर गेलं. भाकर थापता थापता बोलली, माझ्याकडं न पाहता.

“केबल गेली त्या दिवशी इसरूची माय वारली. वॉर्डात मयत झाली का बाबूभाई केबल बंद ठेवते, माती होईस्तोवर. कोणाच्या घरी टीव्ही वाजू नये म्हणून. आपल्यातला असो, त्याईच्यातला असो. सगळ्याईले माहीत आहे.”

मला का नाही सांगितलं, म्हटलं.

“सांगतलं ना. दारातून. तुमी हात केला.”

आणि आधीचा बुडालेला भाग? वॉर्डातल्याच दसरूचा भाऊ गेला होता तेव्हा, ती म्हणाली.

सावलीहून इथं धानोऱ्याला येऊन दीड वर्ष झालं. इसरूच्या आणि माझ्या घरामध्ये फक्त एक नाली. व्रण कोणत्या गालावर ते मला दिसतं.

इसरूच्या समोर विचारलं मी. म्हणून बाबूभाईनं सांगितलं नाही. त्यानं इसरूला जपलं. मलाही.

२७ नोव्हेंबर

नालीपर्यंत गेलो. इसरू धानाचे भारे उतरवत होता. “काई काम होतं का, भाऊ?” काही नाही म्हटलं.

२९ नोव्हेंबर

ग्रुपसाठी माफी लिहिली. ‘अनवधानाने’ खोडलं – खोटं आहे. मग वाक्यं नीट केली. मग पुन्हा नीट केली. माफीतही मला छान लिहायचं होतं! पाठवली नाही. बाबूभाईच्या घरी जाऊन तोंडानं सांगावं. रविवारी.

१ डिसेंबर

गेलो. त्याची सून रुबीना दारात होती. “अब्बाची धाप वाढली. गडचिरोलीले नेलं. काई निरोप?”

नाही म्हटलं.

परत येताना सुटल्यासारखं वाटलं. हे इथंच लिहितो, दुसरीकडं कुठं लिहिणार.

३ डिसेंबर

सात वाजता रंजीता दारात आली. या वेळी मी आवाज बंद केला. ती म्हणाली, बाबूभाई गेला.

तरी ‘सातवा रक्षक’ चालूच. घराघरातून तोच आवाज. केबल बंद करणारा बाबूभाईच होता ना.

रुबीनाकडं केबलच्या कंट्रोल रूमची किल्ली मागितली. तिनं न विचारता दिली. मेन स्विच मी पाडला.

वॉर्ड शांत झाला. डिशवाली दोन घरं तेवढी वाजत राहिली.