आईच्या नावाची चौकट

२ जानेवारी २०२५, गुरुवार. माकुणसार

आज अखेर इथे राहायला आले. मनीषने गाडीतून सामान उतरवलं, सून रूपलने स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर वर्तमानपत्रं अंथरली आणि नात किंजल नारळाच्या आळ्यात पाय बुडवून बसली. तिला कुणी रागावलं नाही. ह्यांनी निवृत्तीनंतर राहायचं म्हणून हे घर नीट करून घेतलं होतं. ते गेले, राहणं झालं नाही. दोन वर्षं मी मुंबईच्या फ्लॅटमध्ये एकटीच भिंती पाहत काढली. आता मनीषचं बोईसर जवळ आहे, तो दर रविवारी येईल, आणि रोज संध्याकाळी सहाला त्याचा फोन येतोच. कॉलेजला असल्यापासूनची त्याची सवय. 'आई, चहा घेतलास?' एवढंच विचारतो. त्या एका प्रश्नावर माझा दिवस उभा असतो.

आयुष्यात मी एकच गोष्ट नीट केली, ती म्हणजे हा मुलगा.

मार्चमध्ये किंजलला आठवं लागेल. तिला घराण्याची वंशावळ करून द्यायची ठरवली आहे, बायकांच्या नावांसकट. त्यासाठी एका ऑनलाइन वर्गात नाव घातलं. आठ शनिवार, दुपारी चार ते पाच. वाडीत चिकूच्या झाडाखाली नेटवर्क छान येतं.

४ जानेवारी, शनिवार

पहिला वर्ग. पडद्यावर नऊ चौकोन, नऊ चेहरे. शिकवणारी उत्कर्षा पुण्याची, फार तर तिशीची. शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेसची आठवण झाली. ती हजेरी घ्यायची तेव्हा आपलं नाव जगात पहिल्यांदाच उच्चारलं जातंय असं वाटायचं.

सुरुवात स्वतःपासून करा आणि मागे जा, असं उत्कर्षा म्हणाली. दुसरा नियम, बाईची नोंद नेहमी माहेरच्या नावाने करा, नाहीतर ती शोधात हरवते.

मी त्या वाक्यापाशी थांबून राहिले. माझं माहेरचं नाव सुलभा. घरी सुलू. वडील गेल्यावर मामांनी माझं लग्न बिजवराशी लावून दिलं, एक्क्याऐंशी साली बायको गेलेल्या माणसाशी. ह्यांची पहिली बायको मैना, घिवलीची. पहिल्याच बाळंतपणात ती गेली आणि मूलही गेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा सासूबाईंनी ह्यांचा हात धरून 'मैना' असंच लिहायला लावलं. इकडे तशी रीत होती. मला वाईट वाटलं. रेशनकार्डापासून आधारपर्यंत मी मैना शांताराम सावे.

आज वेबसाइटवर ह्यांच्या नावाशेजारी दोन चौकटी केल्या. पहिलीत मैना, घिवली, मृत्यू १९८१. दुसरीत सुलभा. मनीषची रेघ माझ्या चौकटीतून खाली ओढली. एक्केचाळीस वर्षांनी कुणीतरी मला हाक मारल्यासारखं झालं.

११ जानेवारी, शनिवार

आजचा धडा, वडीलधाऱ्यांशी बोलणं रेकॉर्ड करणं. सकाळीच शेजारच्या वाडीत बायडीआत्यांकडे गेले. ह्यांच्या आत्या, नव्वदीला आल्या आहेत. फोन समोर ठेवला तर म्हणाल्या, लांब ठेव गं मैना, माजे दात नाय ते जगाला कशाला दाखवतेस. फोटो काढत नाही म्हटल्यावर जरा हिरमुसल्याच.

चार पिढ्यांची नावं त्यांनी घडाघडा सांगितली. मग मी कौतुकाने माझ्या दोन चौकटी दाखवल्या, ही मैना आणि ही मी. त्या हसायच्या थांबल्या. वेगली लिवलीस? कोनी सांगितला तुला? तुझ्या सासूने त्या मेलेल्या बाईला शबूद दिलेला हाय, घर तुजाच, दादला तुजाच, पोर होईल तोपन तुजाच; दुसरी नाय आनली, तूच परत आलीस. म्हनून ती गप र्‍हायली. आता तू तिला सांगतेस का पोर तिचा नाय?

मी त्यांच्या गुडघ्याला तेल चोळून दिलं आणि घरी आले. वर्गात ऐकवायला म्हणून रेकॉर्डिंग लावलं. आत्यांचा आवाज स्वच्छ आहे. माझा एकही प्रश्न त्यात नाही. दोन उत्तरांच्या मध्ये तेवढी जागा आहे, आणि तिथे झावळ्यांचा आवाज आहे.

१३ जानेवारी, सोमवार

मनीषची रेघ सरकली आहे. मैनाच्या चौकटीतून खाली येते आहे. चुकून बोट लागलं असेल म्हणून परत माझ्याकडे आणली. संध्याकाळी पुन्हा तिकडे. ही वंशावळ माझ्याशिवाय फक्त मनीषला उघडता येते. सहाला फोन आला तेव्हा विचारलं. तो म्हणाला, आई, मला ती वेबसाइट उघडायलाही वेळ झालेला नाही. मग विचारलं, चहा घेतलास?

२० जानेवारी, सोमवार

शनिवारच्या वर्गात कागदपत्रांचा धडा होता, म्हणून आज ग्रामपंचायतीत गेले. प्रदीप नावाच्या कारकुनाने जुनं मृत्यूचं रजिस्टर काढून दिलं. मैना शांताराम सावे, वय वीस. माझं आधार कार्ड शेजारी ठेवलेलं होतं. त्याने दोन्ही वाचलं आणि हसून म्हणाला, काकू, मेलेल्या माणसाला दाखला द्यायची आमच्याकडे सोय नाही, अर्ज करावा लागेल. मीही हसले.

घरी येऊन ट्रंक उपसली. मनीषचा जन्मदाखला, आईचं नाव मैना. शाळेचा दाखला, मैना. ह्यांच्यानंतरचा फेरफार, वारस म्हणून पत्नी मैना. सुलभा नावाचा माझा एकच कागद असायला हवा, शाळा सोडल्याचा. त्यावर नावाच्या जागी वाळवीने खाल्लेलं छिद्र आहे. वाळवी बाकी कुठेच नाही.

हे सगळे कागद माझेच आहेत असं मी जन्मभर समजत होते. तिने येऊन आपले म्हटले, तर मी काय दाखवणार?

२५ जानेवारी, शनिवार

उत्कर्षाने आज तीनदा विचारलं, तुमचा चौकोन काळा दिसतोय, कोणी आहे का तिथे? मी आहे म्हणून सांगत होते. माइक चालू होता. तिने पुढचा धडा सुरू केला.

सहाला फोन आला नाही. साडेसहाला मीच लावला. रूपलने उचलला आणि कोण बोलतंय म्हणून विचारलं. मग ओशाळून म्हणाली, आई, नंबर नावाशिवाय आला हो. मनीष फोनवर आला तो खुशीत होता. त्याला आज एकदम लहानपण आठवलं म्हणे. मी त्याला घिवलीच्या खडकांवर कालवं फोडायला न्यायचे, त्याची बोटं कापली की फुंकर घालायचे, असं सांगत होता.

मी घिवलीला कधी गेलेले नाही. त्याचं बालपण गिरगावात गेलं. मी त्याला चौपाटीवर न्यायचे. तसं मी म्हटलं. आवाज नीट येत नाहीये, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

१ फेब्रुवारी, शनिवार

आत्यांचं ऐकायचं ठरवलं. नाव जाईना का, मुलगा राहू दे. सुलभाच्या चौकटीत 'मैना' लिहिलं. लगेच पडद्यावर प्रश्न आला, या दोन व्यक्ती एकच आहेत का? हेच तर सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. मी 'हो' दाबलं.

दोन चौकटींची एक झाली. मैना शांताराम सावे. जन्म घिवली. मुलगा मनीष. मृत्यूचा रकाना रिकामा आहे.

मला वाटलं होतं, तिच्या नावाखाली मी राहीन. मी कुठेच नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

आत्या कुंपणाशी उभ्या होत्या. मी हात केला. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि विचारलं, कोनाकडं आलीस गं बाई? मैना घरात नाय, पोराकडं गेली बोईसरला. माझ्या मागे, दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि हळू म्हणाल्या, तू पन जा आता, इथे नको र्‍हाऊ.

परत बोलावलं तर त्या लगबगीने निघून गेल्या. नव्वदीची बाई इतकी भरभर चालताना मी पाहिली नव्हती.

६ फेब्रुवारी

चार दिवस फोन नाही. आज लागला. मनीष म्हणाला, मावशी, तुम्हाला चुकीचा नंबर लागतोय. मी म्हटलं, अरे, आई बोलतेय. तो म्हणाला, आई इथेच आहे. कालवण करतेय.

मागे भांड्यावर पळी आपटल्याचा आवाज. किंजल हसत होती — आजी, अजून एक तुकडी —

त्याच्या आवाजात माझ्यासाठी राग नव्हता. अनोळखी बाईशी बोलावं तसा तो नीट, सभ्यपणे बोलला. मीच शिकवलं होतं त्याला तसं बोलायला.

८ फेब्रुवारी, शनिवार

वर्गात आठच चौकोन. माझी लिंक उघडते, त्यांची बोलणी ऐकू येतात. त्यांना मी —

बोईसरला जायला निघाले. फाटकापर्यंत जाते. फाटकाच्या पुढे रिक्षा थांबत नाही. तीन गेल्या. चौथीसमोर उभी राहिले, ती बाजूने —

आरशात मी दिसते. पण कपाळावर आडवं कुंकू आहे. मी असं कधी लावलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

फाटकाशी गाडी. मनीष आहे. मागचं दार उघडून तो कुणालातरी हात देतोय. बाई हळू उतरते. साठीची. माझी निळी साडी. चालताना उजवा पाय जरा ओढते, माझ्यासारखाच. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवलाय. बोलतोय, आई, बघ, घर कसं — 

हाक मारली. दोनदा. वर पाहत नाही. आवाज पोचत नसेल तर अक्षर पोचेल. फक्त मलाच ठाऊक असलेलं लिहिते आणि त्याच्या हातात देते. तो वाचेल. त्याला कळेल.

मनीष, तुझा जन्म गिरगावच्या प्रसूतिगृहातला. दुपारी दोन वाजता. नर्स केरळची होती. तिने तुला उलटा धरला आणि डाव्या टाचेवरचा तीळ मला दाखवला. खिडकीखाली कुल्फीवाला ओरडत होता. तू रडलास तेव्हा मी हसले, नर्स म्हणाली —

सुईण म्हणाली —

नाही. नर्स. नर्स होती. पांढरी टोपी. दुपारचं ऊन होतं, खाटेवर — खाली, घोंगडीवर — चुलीवर पाणी ठेवलंय —

ती पायऱ्या चढतेय. किंजल तिच्या बोटाला.

तू रडलास, मनीष. रडलास ना? आत्या पाय धरून बसलीय, बोलते दम धर, मैना, दम धर. घिवलीला मानूस धाडलाय आयेला आनायला. पोर रडत नाय. कुनी काय बोलत नाय. माजे पाय गार पडलं, आये अजून —