धावदोरा घातलेली पानं

अण्णा, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण परवा लेकीने एक प्रश्न विचारला आणि मी तिला अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं अर्धं सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही. तुमची ही नात तुम्ही पाहिली नाहीत. पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत देते, आणि वाद घालताना डावी भुवई अगदी तुमच्यासारखी वर नेते. आम्ही दोहात राहतो, अल मन्सूरात, खाली इडली-डोशाचं हॉटेल असलेल्या जुन्या इमारतीत. जावई तुमचे दुखानला, तेलाच्या कामावर. आठवडाभर तिकडे आणि गुरुवारी संध्याकाळी घरी.

लेकीची शाळा अमेरिकन पद्धतीची. तिला निबंध आला आहे: अमेरिकन म्हणजे कोण, ते एखाद्या कादंबरीच्या आधारे सांगा. मी म्हटलं, घरात आहे की एक. तुमचं ते जाड पुस्तक, खाकी कव्हर घातलेलं. सिन्नरहून निघताना दोन साड्या मागे ठेवून मी ते बॅगेत कोंबलं होतं. रविवारी दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून ते वाचायचात. डोळ्यांनी इंग्रजी आणि तोंडाने मराठी. आई शेंगा फोडत बसलेली, मी भिंतीला टेकून, आणि मागच्या दारात भांडी घासणाऱ्या मावशी, कढई तशीच राखेत ठेवून ऐकणाऱ्या. तुम्ही इंग्रजीचे मास्तर, पण इतिहासाच्या मास्तरांना चिडवायचात, की सनावळ्यांनी देश कळत नाही. त्या देशातल्या माणसाने स्वतःच्या घराबद्दल काय लिहून ठेवलंय ते वाचा. अमेरिकेने सगळी माणसं समान असं कागदावर लिहून काढलं, हे सांगताना तुमचा आवाज असा चढायचा की जणू मसुदा तुम्हीच केला होता.

त्या कादंबरीत घोड्यांना नाल ठोकणारा एक काळा माणूस आहे. मालक दयाळू आहे, नाताळाला त्याला नवा कोट देतो. आणि पुढच्याच रविवारी तो माणूस दलदलीतून पळतो आहे, मागे कुत्री लागली आहेत. मी सातवीत असेन. मी विचारते, "अण्णा, मालक तर चांगला होता, मग हा पळाला का?" तुम्ही पुस्तकातून मान वर न करता म्हणता, "मधे तोंड घालू नकोस. पुढं ऐक." एरवी प्रश्न विचारला की खूश होणारे तुम्ही, तो आवाज तुमचा नव्हताच. मावशींनी खाली मान घातली आणि कढई जोरजोरात घासायला घेतली. तो का पळाला ते मधल्या अकरा पानांत होतं, आणि त्या पानांच्या कडेला तुम्ही गोधडीला घालतात तसा धावदोरा घातला होता.

परवा शुक्रवारी लेकीने तो धावदोरा नखं कापायच्या कात्रीने उसवला. "हू डिड धिस, आई?" मी सांगितलं, आजोबांनी. तिने भुवई वर नेली आणि वाचत बसली. तासाभराने पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. मी आमटीला फोडणी देत होते. आमच्याकडे काम करणारी दीदी पोळ्या लाटत होती. ती नेपाळची आहे, चार वर्षं आमच्याकडेच राहते. लेक माझ्या शेजारी येऊन हळू आवाजात म्हणाली, "आई, दीदीचा पासपोर्ट तुझ्या लॉकरमध्ये का आहे?"

मी काही विचार न करता बोलून गेले, "अगं, हरवेल तिच्याकडून. माझ्याकडे राहू दे."

तिने पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तो नाल ठोकणारा गुलामीतून स्वतंत्र झालेला असतो, अण्णा. तसा कागद त्याच्याकडे असतो. तो कागद खिशात नसेल तर त्याला रस्त्याने चालायची सोय नाही. आणि दयाळू मालक म्हणतो, हरवेल तुझ्याकडून, माझ्या खणात राहू दे. मग त्याच्या बायकोला आणि मुलाला दूर विकतात. त्यांच्या मागे जायला तो कागद मागतो, तेव्हा मालक खण उघडत नाही. म्हणून तो कागदाशिवायच पळतो. "दॅट्स एक्झॅक्टली व्हॉट ही सेज, आई," लेक म्हणाली. आमटी करपली.

मी तिला सांगू लागले की इमारतीतल्या सगळ्याच बायका ठेवतात, मैत्रिणीने पहिल्याच दिवशी तसं बजावलं होतं, आपण दीदीला किती चांगलं वागवतो, दिवाळीला नवे कपडे घेतो. कपड्यांवर आले आणि मला तो कोट आठवला. कायद्यानेही पासपोर्ट तिच्याकडेच असायला हवा, हे मला माहीत होतं. मी लॉकर उघडला आणि पासपोर्ट दीदीच्या हातात दिला. तिने पिठाचे हात पुसले, पासपोर्ट घेतला आणि तिचा चेहरा पडला. "मॅडम, मुझे निकाल रहे हो? मैंने क्या गलती किया?" चार वर्षांनी तिची वस्तू तिला परत दिली तर ती घाबरली. माझ्यासारख्या दयाळू बाईला याहून मोठी चपराक कोण मारणार होतं! मी म्हटलं, "निकाल नहीं रही. तुम्हारा है, तुम्हारे पास रखो." ती हो म्हणाली, पण दिवसभर तिने मला तीनदा विचारलं, की पक्का ना?

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात समतेचा जाहीरनामा एका धड्यात आहे आणि गुलामी दुसऱ्या धड्यात, मधे चित्रं आणि प्रश्न. कादंबरीने दोन्ही एकाच खोलीत आणून बसवलं. सगळे समान असं मानणारा माणूस आणि खणाची किल्ली कमरेला लावणारा माणूस एकच, आणि हे लिहिणाराही त्यांच्यातलाच. अमेरिकन म्हणजे कोण याचं उत्तर मला तरी तिथे सापडलं: तो जाहीरनामा ज्यांचा आहे, तो खणही त्यांचाच आहे. सनावळ्यांनी देश कळत नाही, हे तुमचं म्हणणं खरं होतं. मग ती पानं तुम्ही का शिवलीत? लहानपणी वाटायचं, मला वाईट वाटू नये म्हणून. आता वाटतं, मावशींमुळे. त्यांचा कानतुटका कप मागच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा, आपल्या कपबश्यांपासून लांब. त्या दारात बसलेल्या असताना ती पानं मोठ्याने वाचायची तुमची हिंमत झाली नाही. कप आत घेण्यापेक्षा पानं शिवणं सोपं होतं. मला राग येतो, अण्णा, खोटं कशाला बोलू. पण तुम्हाला निदान लाज वाटली म्हणून तुम्ही सुई हातात घेतलीत. मी तर खुशाल लॉकर लावून झोपत होते.

निबंध लिहून झाला आहे. लेकीने मला तपासायला दिला. शेवटी तिने लिहिलं आहे, की आजोबांनी पानं शिवल्यामुळे माझ्या आईला हे कधी कळलंच नाही. कळताक्षणी तिने पासपोर्ट परत केला. मी वाचलं आणि म्हटलं, छान झालाय. उद्या सकाळी ती तो शाळेत देईल.

हे पत्र मी त्याच पुस्तकात, त्या अकरा पानांत ठेवणार आहे. एकच सांगायचं राहिलं. तुम्ही रागावलात त्याच आठवड्यात, तुम्ही शाळेत पेपर तपासायला गेला असताना, मी आईची सुई घेऊन तो दोरा काढला होता. शब्दकोश मांडीवर घेऊन सगळी पानं वाचली आणि पुन्हा शिवली. तुमचा दोरा पांढरा होता. मला पांढरा मिळाला नाही, म्हणून आईच्या ब्लाउजचा पिवळा वापरला. रविवारी तुम्ही त्या पिवळ्या दोऱ्यावरून बोट फिरवलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि पुढचं पान वाचायला घेतलंत. परवा लेकीने कात्रीने कापला तो पिवळाच होता.