चार एप्रिल आणि टॅम्पॉन

३ मार्च, सोमवार

पोहण्याच्या परीक्षेची तारीख लागली. चार एप्रिल, सकाळी सात. तीन मीटरवरून उडी, दोनशे मीटर पोहणं, मग दहा मिनिटं नुसतं तरंगणं. पास झाले तर सर्वेक्षणाच्या जहाजावर सहा महिने — तिथली मोजमापाची सगळी उपकरणं माझ्या ताब्यात. नापास झाले तर आणखी एक वर्ष इथल्याच प्रयोगशाळेत, दुसऱ्यांनी पाडलेली भोकं मोजत.

मग कॅलेंडर उघडलं. माझी पाळी अठ्ठावीस दिवसांची. या महिन्यात सहाला, म्हणजे पुढची तीन एप्रिलला. परीक्षा दुसऱ्या दिवशी. बरोब्बर दुसऱ्या दिवशी! ठरवून इतकी अचूक जुळणी मला कामावरही जमत नाही.

पोहायला शिकवणाऱ्या आणि ही परीक्षा घेणाऱ्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणतात, कारण त्या बोलतात कमी आणि वाजवतात जास्त. आज बोलल्या. "आजारपण असेल तर लेखी कळवा. नुसतं 'जमणार नाही' चालणार नाही."

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचा विचार दोन सेकंद केला. दादाच्या लग्नात घेतल्या होत्या. त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी हिरवट दिसते. एका फोटोत नाहीच, कारण तेव्हा मी मागे ओकत होते.

येताना टॅम्पॉन घेतले. मोठ्यात मोठा आकार. लागेल त्याहून जास्त क्षमतेचं घ्यावं, हा आमच्या अभियांत्रिकी शाखेतला पहिला धडा.

४ मार्च, मंगळवार

पाळीला दोन दिवस आहेत. तरी आधी चाचणी घ्यायचं ठरवलं. नवीन वस्तू थेट कामाला लावू नये. सूचनांचा कागद दोनदा वाचला, हात धुतले, घड्याळ लावलं.

पहिला प्रयत्न — गेला नाही. दुसरा — गेला नाही आणि डोळ्यांत पाणी. एकूण अठरा मिनिटं. आईने दार वाजवलं. "आत झोपलीस का गं?"

५ मार्च, बुधवार

पुन्हा नाही. कागदावरच्या चित्रातली बाई हसते आहे. तिला काय झालंय हसायला!

६ मार्च, गुरुवार

पाळी वेळेवर आली. टॅम्पॉन अर्धा गेला. अर्धा जाणं हे न जाण्यापेक्षा वाईट असतं, हे आज कळलं. बसता येईना, चालताना प्रत्येक पावलाला टोचत होता. तसाच ठेवून जेवायच्या टेबलाशी आले.

वहिनीने वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय वन्सं, घोड्यावरून आलात?"

'वन्सं' ती फक्त चिमटा काढायचा असला की म्हणते.

"पाय मुरगळलाय."

"दोन्ही?"

उठून आत गेले आणि काढून टाकला. मला असल्या गोष्टी बोलता येत नाहीत. दादाशी नाही, आईशी नाही, मैत्रिणींशीही नाही.

७ मार्च, शुक्रवार

बॉक्स न्हाणीघरात राहिला! सकाळी वहिनी तो हातात नाचवतच माझ्या खोलीत आली. दार मात्र लावून घेतलं — एवढी तिला समज आहे.

"हा आकार? अगं, धरण बांधायचंय का?"

"जास्त वेळ टिकेल म्हणून."

"चार-पाच तासांनी बदलायचा असतो. आठच्या वर तर ठेवायचाच नाही. टिकवतेस कशाला, दागिना आहे?"

मग तिने सगळं काढून घेतलं. परीक्षा, तारीख, दुसरा दिवस. पाळीच्या दोन दिवस आधी चाचणी घेतली, हेही मी सांगून बसले. ती बघतच राहिली. "कोरड्यात?" आणि पलंगावर आडवी होऊन हसली. चांगली दोन मिनिटं!

"कामावर ते काय घालता भोकात, माप बघायला? ते असंच ढकलता?"

प्लग गेज. नाही, ढकलत नाही. भोक पुसून घेतो, तेलाचा पुसट हात लावतो, रेषेत धरतो आणि त्याच्याच वजनाने आत जाऊ देतो. जोर लावला की गेजही बिघडतं आणि वस्तूही. नव्यांना हे मीच शिकवते. दर सहा महिन्यांनी. मी तिच्या हातातला बॉक्स काढून घेतला.

"बघ," वहिनी म्हणाली. हा 'बघ' मला पुढची दहा वर्षं ऐकावा लागणार.

वहिनी दातांची डॉक्टर आहे. तिचं म्हणणं असं — सगळ्यात लहान आकार घ्यायचा आणि रक्तस्राव चांगला चालू असतानाच वापरायचा. टोकाला पाण्यात विरघळणारी जेली किंचित लावायची. एक पाय स्टुलावर. दिशा सरळ वर नाही, मागे, कमरेकडे. बोट पुरतं आत जाईपर्यंत सरकवायचा. जाणवत राहिला तर तो अजून अलीकडेच आहे. आणि जबडा सैल सोडायचा.

"जबडा?"

"माझ्या खुर्चीत येणारे सगळे तुझ्यासारखेच. खांदे कानाला, मुठी आवळलेल्या, आणि म्हणे दुखतंय. तोंड घट्ट मिटलं की खालचंही घट्ट मिटतं."

"याला आधार काय?"

"नऊ वर्षं लोकांच्या तोंडात हात घालतेय, हा."

८ मार्च, शनिवार

लहान आकार, जेली, स्टूल. वहिनी दाराबाहेर पहाऱ्याला. "जबडा!" ती दर अर्ध्या मिनिटाला ओरडत होती. पलीकडून आईचा आवाज — "कोणाचा दात दुखतोय गं?"

गेला. दुखला नाही! उभी राहिले, चालले, जिना चढले, खाली वाकून बूट बांधले. काही जाणवत नाही. इतके दिवस मी अक्ष उभा धरला होता. तो तिरका आहे. एवढीच चूक.

नोंद: चार तासांनी काढताना अडला. ओढावा लागला, दुखलं. बहुधा पुरेसा भिजला नव्हता.

९ मार्च, रविवार

नवा घालून तलावात उतरले. दोनशे मीटर पूर्ण, वेळ नेहमीपेक्षा अकरा सेकंदांनी कमी. शिट्टीबाईंनी शिट्टी तोंडातून काढली. "आज पाण्यात आहेस. रोज पाण्याशी भांडत असतेस." त्यांच्याकडून हे म्हणजे पदकच.

घरी आल्यावर काढायला पंचवीस मिनिटं लागली. पूर्ण भिजलेला होता. म्हणजे कालचं अनुमान चूक. दोरी ओढली की तो थोडा येतो आणि कशाला तरी अडकतो. जबडा सैल होता. दिशा बरोबर होती. सगळं बरोबर होतं! शेवटी फरशीवर बसून, बोटाने एका बाजूला दाबून काढला. घाम फुटला होता.

१० मार्च, सोमवार

वहिनीला आपणहून सांगितलं. हसेल असं वाटलं होतं.

"घालताना दुखणं वेगळं. भिजलेलाही काढताना दर वेळी अडतो? हे तुझ्या हाताचं नाही. परवा माझ्याबरोबर चल."

वन्संबिन्सं काही नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

१२ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाई साठीच्या. तपासण्याआधी हात गरम पाण्याखाली धरले, त्यामुळे मला एकदम आवडल्या. मिनिटभर बघितलं, बस.

"कातडीची पट्टी आहे. जन्मापासून. दाराच्या मधोमध खांब असावा तशी. टॅम्पॉन खांबाच्या एका बाजूने आत जातो, भिजून फुगतो आणि येताना खांबाला अडतो. तुझं काही चुकलेलं नाही."

"रुंदी किती?"

"असेल चार-एक मिलिमीटर."

"अधिक-उणे?"

वहिनीने मला खरोखरचा चिमटा काढला.

घाबरण्यासारखं काही नाही. ती जागा बधिर करून दहा मिनिटांत कापतात. तोवर टॅम्पॉन बंद. पण त्यासाठी वेळ मिळते आहे ती एकवीस मार्चला, आणि नंतर तीन आठवडे पाण्यात उतरायचं नाही. म्हणजे अकरा एप्रिल. परीक्षा चारला.

कापणं परीक्षेनंतर ठेवलं तर? मग पाळीच्या दुसऱ्या दिवशी काहीही न लावता, पोहायच्या कपड्यांत, तलावाच्या काठावर चाळीस मिनिटं रांगेत उभं राहायचं. पुढे-मागे बारा पुरुष. नाही.

येताना बसमध्ये वहिनी म्हणाली, "गप्प का?"

"आठ दिवस स्वतःला ढिसाळ समजत होते."

"ढिसाळ? तू? अगं, तू चमचे मापाने लावतेस."

हसले. खूप दिवसांनी.

१४ मार्च, शुक्रवार

अर्ज. पहिला मसुदा: 'अपरिहार्य वैयक्तिक कारणास्तव.'

"कोणीतरी गेलं असं वाटेल," वहिनी म्हणाली. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती, विचारल्याशिवाय.

दुसरा: 'किरकोळ शस्त्रक्रियेमुळे.'

"कुठली, ते विचारतील. सगळ्यांसमोर. शिट्टी वाजवून."

तिसरा फाडला. चौथाही. इतकं आडवळणाने लिहिलं की त्यात कारण उरलंच नाही. असा अहवाल कामावर माझ्याकडे आला असता तर मी लाल शेरा मारला असता — नाकारण्याचं कारण स्पष्ट लिहा. जहाज हातचं जाईल, पण कोणाला कळणार नाही. की जहाज मिळेल, पण एका परक्या बाईला कळेल?

पाचवा: 'योनीच्या तोंडाशी जन्मजात कातडीची पट्टी असल्याने मला टॅम्पॉन वापरता येत नाही. चार एप्रिल हा पाळीचा दुसरा दिवस आहे. एकवीस मार्चला पट्टी काढणार आहेत. अकरा एप्रिलपासून पाण्यात उतरता येईल. कृपया तारीख बदलून द्यावी. डॉक्टरांचा कागद जोडला आहे.'

वहिनीने दोनदा वाचलं. मग — "वा! नकाशासकट दिलंस."

दुपारी स्वतः जाऊन तलावाच्या कचेरीतल्या पेटीत टाकला. टाकल्याक्षणी परत काढता येईल का ते बघितलं. फट तीन सेंटिमीटर. हात जात नाही.

१६ मार्च, रविवार

पोहण्याच्या वर्गाला गेले. शिट्टीबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि शिट्टी वाजवली. उडी मारताना नाकात पाणी गेलं.

१७ मार्च, सोमवार

अजून उत्तर नाही. साहेबांनी विचारलं, जहाजाचं काय झालं? म्हटलं, बघू. बहुतेक गेलं.

१८ मार्च, मंगळवार

उत्तर आलं. अर्ध्या पानाचं, शिट्टीबाईंच्या अक्षरात.

'अकरा एप्रिल, सकाळी सात. गेल्या चार वर्षांत तारीख बदलून मागणारी तू एकतिसावी मुलगी. आधीच्या तिसांना ताप होता.'