तांदळातलं तिसरं गाणं

१ नोव्हें. १९८७, रवि.
नीलू आली. लेकाची बदली चंद्रपूरले, म्हणून नात कॉलेजसाठी विहीणबाईंकडे, धरमपेठेत राहते. माझ्या वाट्याले रविवार. त्यांचा टेप उचलून आणला होता, अन् लंडनच्या मामानं पाठवलेली कॅसेट. आयर्लंडची गाणी. चाली जुन्या, खेड्यातल्या, पण वाजवणारे पोट्टे जसे भांडायलेच उभे. नीलू म्हणे, याले पंक म्हणतात. म्हणोत. सारंगीसारखं काही धावते, मागं बासरी, अन् डफ. थेट आमच्या बाबाचा डफ. तिसऱ्या गाण्याले तं मी परातच घेऊन वाजवत बसली. नीलू हसून लोळली. पाच वेळा लावलं. वांग्याची भाजी करपली, करपो, वांगी तरी कुठं पहिल्यासारखी राहिली.

८ नोव्हें.
कॅसेट आणलीच नाही. काहून वं, म्हटलं.
"त्या आजीनं ठेवून घेतली. तिले तिसरं गाणं लय आवडते."
तिसरं. ते माझं. लग्नात आमचे डफवाले पाहून नाक मुरडलं होतं विहीणबाईनं, सनईच पाहिजे होती. आता डफ गोड लागते.
नीलू म्हणे, "तिचा ठेका पक्का आहे पण."
असन. जेवण गेलं नाही.

१५ नोव्हें.
आज आणली. ऐकली. नीलू आंघोळीले गेली अन् मी कॅसेट काढून तांदळाच्या डब्यात, कडुलिंबाच्या पाल्याखाली. पाटल्या माझ्या तिथंच राहतात. जाताना पोरीनं पिशवी उलटी केली, गादी उचलली. मीही शोधून राहिली, पलंगाखाली वाकून, या कमरेनं.
"आजी, मामा आता दुसरी नाही पाठवत."
डोळे भरले होते तिचे. बोलणार होती मी. पदरानं तिचे डोळे पुसले.
ती टेप घेऊन गेली तेव्हा ध्यानात आलं. कॅसेट माझ्याकडे, वाजवू कशावर. कपाळ माझं.

१९ नोव्हें., गुरु.
विहीणबाई स्वतः आल्या. हातात टेप.
"नीलू धड जेवत नाही हो. इथंच असेल कुठंतरी. सापडली तर लावून बघा, म्हणून हा ठेवून जाते. रविवारी मीही येईन तिच्यासोबत."
चहा पिता पिता बोटं बशीवर चालली त्यांची. तिसरं गाणं. मधात ठेक्याची ती उडी आहे, मी दरवेळी अडखळते तिथं, ती अशी घेतली की काय सांगू. जळली मी. सून यांची पोरगी, नात यांच्या घरी, आता ठेकाही यांचाच. तांदूळ निवडायचे म्हणून उठली. डबा उघडला. नुसते तांदूळ घेऊन आली.
त्याही निवडू लागल्या संगं.

२१ नोव्हें., शनि.
दार लावून सात वेळा वाजवली. कॅसेटले कडुलिंबाचा वास सुटला, पुसली पदरानं, जात नाही. सातव्यांदा उडी जमली मले. एकदम साफ. परात हातात घेऊन हसत बसली एकटीच. दाखवू कोणाले?
उद्या रविवार. नीलू एकटी आली तं सांगीन, कान धरीन तिच्यापुढं. पण दोघी एकाच रिक्षातून उतरल्या तं विहीणबाईपुढं कान कसे धरू?