बांडगुळाची हिरवी पानं

आप्पा, तुमच्यावरचा राग इतकी वर्षं झाकून ठेवला होता. काल झाकण उडालं.

लोहा गावचं आपलं शेत, बांधावरचा आंबा. तुम्ही फांदीवर बसून बांडगूळ तोडताय. सासरी मार खाऊन परत आलेली मी भाकरी घेऊन खाली उभी. शेजारचे काका विचारतात, "लेक कधी जाणार म्हणं सासरी?" कोयता न थांबवता तुम्ही म्हणता, "एक बांडगूळ हितलं काढून राहिलो. दुसरं घरात हाय, त्याला कोयता चालंना." काका खो खो हसले. तुम्हीपण हसलात. भाकरी बांधावर ठेवून मी जी निघाले ती लातूरलाच थांबले.

इथं शिकवणीच्या पोरींची खानावळ चालवते. त्या मोठ्यानं पाठ करतात, मी पोळ्या लाटत ऐकते, त्यांची पुस्तकंही मागून घेऊन वाचते. परवा एक घोकत होती: बांडगुळाचा रस झाडाच्या रसापेक्षा दाट, म्हणून पेशीच्या पडद्यातून पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. याला परासरण म्हणतात. मी म्हटलं, "अगं, कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तेच की!"

"हाव आजी, तेच. पण बांडगुळाची पानं हिरवी असतात. अन्न त्याचं ते करून खातं."

माझं लाटणं थांबलं.

ऐकलंत, आप्पा? खोटं कशाला बोलू, उन्हाळ्यात तेवढं पाणी देणंही झाडाला जड जातं. पण तुमच्या घरी मी धारा काढल्या, खुरपलं, चूल सांभाळली. फुकटचं काय खाल्लं? आणि बांडगुळाचं बी काय आपल्या पायानं फांदीवर चढतं? पाखरू चोच पुसतं, तिथं ते चिकटतं. मला त्या दारुड्याच्या दाराला कुणी चिकटवलं होतं?

काल धाकट्या भावाचा फोन आला. त्याची लेक सासरहून आलीय, हातावर चटके घेऊन. म्हणतो, "अक्का, किती दिवस ठेवावं हिला? लोक बोलून राहिले."

मी कडाडले, "चुलीत घाल ते लोक! उद्या सकाळच्या गाडीत बसव तिला माझ्याकडं. न्हाईतर मीच येते, मग बघ!"

मग साठीतला माझा भाऊ चाचरत म्हणाला, "हाव, आप्पा."

पोरगी येईलच आता. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता कुठाय? एवढंच सांगते, माझा तो कडाडणारा आवाज तुमच्याकडून आलाय, आणि काल मला त्याची लाज वाटली नाही.