कुल्फीच्या मटक्यातली लस

ती. सुमंगलाआत्याबाईंस,

धारहून धीरजचा वाकून नमस्कार. (वाकलो खरा, पण डावा हात खांद्याच्या वर जात नाही. कारण पुढे येतंय.) तुमचे गुडघे कसे आहेत? टेकडीच्या पायऱ्या आता नका चढू, देवासची देवी खालूनही बघते.

मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने मला पाडलं, तेव्हा तुम्ही उशाशी बसून आल्यागेल्याला ‘सर्दी आहे’ सांगत होतात. माझ्या एचआयव्हीचं अजूनही फक्त तुम्हालाच ठाऊक. गोळ्या रोज घेतो, कसम से. डॉक्टर म्हणाले, तब्येत छान आहे, पण पुन्हा न्यूमोनिया नको, लस घेऊन टाक. दुकानातून आण, थंड ठेव आणि सरळ इकडे ये.

आता आत्याबाई, सरळ जाणं मला कधी जमलंय? दुकानाबाहेरच बदनावरचा भगवंत भेटला, ट्रॉलीभर सोयाबीन घेऊन. म्हणाला, बैठ भिया, मंडीत माझा नंबर लागेपर्यंत सोबत कर. (सोयाबीनच्या ढिगावर आडवं पडून आभाळ बघण्यात काय सुख आहे, पण ते जाऊ द्या.) नंबर काही लागेना, लसीच्या डब्यातला बर्फ वितळला. मी घाबरलो. समोर कुल्फीवाला होता. त्याच्या मटक्यात, मीठ घातलेल्या बर्फात, अगदी तळाशी माझी लस ठेवली. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश, की दोन कुल्फ्या खाल्ल्या.

दवाखान्यातल्या सिस्टरने शीशी उजेडात धरली. म्हणाली, “थंड ठेव सांगितलं होतं, कुल्फी कर नव्हे. गोठली की लस वाया.”

दुसऱ्या दिवशी नवी आणली. रस्त्यात कुणाकडे पाहिलं नाही. भगवंतने हाक मारली, तरी नाही. तो रुसलाय, आणि कारण मला सांगता येत नाही.

डाव्या दंडात सुई टोचली. मग अर्धा तास बसवतात. बाकावर सगळ्यांबरोबर कुणी ना कुणी होतं. शेजारच्या काकूंनी विचारलं, तुझ्याबरोबर कोण? तोंडातून निघून गेलं, आत्या आहे, चहा प्यायला गेलीय. झालं. तुम्हाला भेटूनच जाऊ म्हणून काकूही थांबल्या. अर्धा तास संपला, मी पळायला मोकळा होतो, पण त्यांच्यासमोर उठणार कसा? दीड तास तुमची वाट पाहिली, आत्याबाई.

तुमचा,
धीरज

ता. क. न्यूमोनियाचीच दुसरी सुई दोन महिन्यांनी आहे. डॉक्टर म्हणाले, घरचं माणूस बरोबर हवंच.

ता. क. आणखी एक. डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत. पण त्या काकू त्याच दिवशी यायच्या आहेत. चहा पिऊन झाला असेल, तर या.