दारफळणीचे दार

मी, बिन्यामीन हसाजी वाकरूळकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार वाशी, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रक्तदाब वरखाली होतो, पण डोके ठिकाणावर आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणायला घरात कोणी उरलेलेही नाही.

कलम १. वाशीची खोली माझ्या कष्टाची आहे. ती मुलगी दीना हिला. ती इस्रायलला जाऊन स्थिरावली, त्यामुळे खोली विकेल हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावी.

कलम २. पुतण्या सायमन याने माझे दफन पनवेलला करावे व या पत्राची अंमलबजावणी करावी. एलियाहू हन्नबी या आमच्या संदेष्ट्याच्या नावाने पोह्यांचा मलिदा करावा. त्यात खोबरे सढळ हाताने घालावे. त्याच्या बायकोचा मलिदा दर वेळी कोरडा होतो. इतकी वर्षे बोललो नाही, आता लिहून ठेवतो.

कलम ३. माझे सागवानी कपाट, जे माझ्या हातचे सर्वांत चांगले काम आहे, ते शेजारीण वेणूबाई भगवान सकपाळ यांना. (रद्द. कलम ५ पाहावे.)

कलम ४. कपाट त्यांना का, ते लिहिणे भाग आहे.

वेणूबाईंचे यजमान भगवान महापेच्या कारखान्यात फिटर होते. सोसायटीच्या सभेत ते सर्वांसमोर म्हणाले, "काकांनी बसवलेल्या खिडक्या पावसात फुगतात. लाकूड ओलं वापरलंय." ते खरे होते, म्हणूनच झोंबले. मी त्यांच्याशी बोलणे टाकले.

आम्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत पश्चात्तापाच्या उपासाला दारफळणीचा सण म्हणतात. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दार लावून, पाण्याचा थेंबही न घेता देवाकडे क्षमा मागायची. परक्याला भेटायचे नाही. आदल्या दिवशी मात्र ज्याला दुखवले असेल त्याच्याकडे जाऊन हात जोडायचे. त्या वर्षी मी पनवेलला आमच्या लोकांत घरोघर हात जोडून आलो. अंगात ताप भरला म्हणून तिथल्या सिनेगॉगात न थांबता घरी परतलो. भिंतीपलीकडच्या भगवानकडे गेलो नाही.

१ ऑक्टोबर १९७९, सोमवार, दुपार. मी योना संदेष्ट्याचे पुस्तक वाचत होतो. निनवेचे लोक गोणपाट नेसून वाईट मार्गावरून मागे फिरले, देवाने त्यांच्यावर दया केली आणि ते पाहून योना रुसून बसला, इथवर आलो होतो. दार वाजले.

"काका! ओ काका! दार उघडा! ह्यांच्या छातीत कळ येतेय. टेम्पो काढा ना!"

सामान वाहायचा माझा टेम्पो खाली उभा होता. अख्ख्या इमारतीत दुसरे वाहन नव्हते. मला खोकला आला, तो मी तोंडावर उशी दाबून गिळला. मनाशी म्हटले, आज देवाचा दिवस, दार उघडता येत नाही. हा बहाणा होता. खरे कारण खिडक्या.

वेणूबाई टॅक्सी शोधायला रस्त्यावर धावल्या. पाऊण तास गेला. भगवान वाटेतच गेले. दुसऱ्या दिवशी, दारे उघडण्याच्या शिळ्या सणाला, मी त्यांच्या दारात उभा राहून म्हणालो, "मी पनवेललाच होतो हो." त्या म्हणाल्या, "तुमचा सण व्हता काका, तुमी तरी काय करनार."

पुढे प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या हज्जानला मी नावे न घेता विचारले. ते चिडले. "जीव वाचवायचा असेल तर हा सणसुद्धा मोडायचा, एवढंही ठाऊक नाही? आणि देवाचा अपराध देव पुसतो. माणसाचा अपराध माणसाकडे जाऊन पुसून घ्यावा लागतो."

त्यानंतर आठ वेळा दारफळणी आली. आठही वेळा छाती बडवून देवाला सगळे सांगितले. तो दयाळू आहे, मंदक्रोध आहे, हे मला पाठ आहे. भिंतीपलीकडे सांगायला मात्र जीभ उचलली नाही. मी आजारी पडल्यापासून वेणूबाई रोज भाकरी आणून देतात. ती घेण्याचा मला हक्क नाही आणि नको म्हणायलाही तोंड नाही. मी मेल्यावर हे कलम त्यांना वाचून दाखवावे. याहून जास्त माझ्याने होत नाही.

कलम ५ (आज वाढवले). शेजारी नंदकिशोर पाटणकर हे एका वकिलाकडे कारकून आहेत. ते साक्षीला आले, वर लिहिलेले वाचले आणि म्हणाले, "काका, मेल्यावर माफी मागणार? मग उत्तर कोण ऐकणार?" मी नको नको म्हणत असताना त्यांनी वेणूबाईंना हाक मारली. मी दोन ओळी वाचून कागद खाली ठेवला. शेवटी नंदकिशोरनी वाचले.

वेणूबाई म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. दाराला कान लावला व्हता मी. खोकला ऐकला."

मी विचारले, "मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"मी कशाला बोलू? तुमच्या तोंडातनं यायला पायजे व्हतं. रोज भाकरी आनताना वाटायचं, आज बोलतील."

मी हात जोडले. "वेणूबाई, माफ करा."

"ते मला नाय जमत. ज्यांनी करायची ते गेले. आनि कपाट बी नको मला."

म्हणून कलम ३ रद्द. कपाट सायमनला. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे नंदकिशोर म्हणाले होते. आता वेणूबाईंना काहीच मिळत नाही. मी विचारले, साक्ष तरी घालाल का? त्यांनी पेन मागितले. म्हणाल्या, "सही येते मला. ह्यांनी शिकवली व्हती. ऐकलं, एवढंच लिवते."

येत्या बुधवारी दारफळणी आहे. या वेळी कडी लावणार नाही.

वाशी, रविवार, दि. १८ सप्टेंबर १९८८

सही: बिन्यामीन हसाजी वाकरूळकर

वरील सही आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत झाली.

साक्षीदार १: नंदकिशोर पाटणकर

साक्षीदार २: वेणूबाई भगवान सकपाळ. ऐकलं.